न्हाणीघर-मीमांसा (चिरनेर शाखा)

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. प्रस्तुत निबंधाचा विषय शिकेकाई. प्रयोजन असं की, आमच्या पुतणीने सोडलेला ‘यापुढे सगळं नैसर्गिक’ हा संकल्प तडीस जाणार की नाही, याचा निर्णय लागावा. संबंध तिच्या केसांचा आणि आमच्या सुट्टीचा. राहता राहिला अधिकारी, म्हणजे या शास्त्राचा हक्कदार कोण. त्याबद्दल मतभेद आहेत आणि ते वाटतात त्यापेक्षा गंभीर आहेत.

स्थलनिर्णय आधी उरकून घेऊ. हे चिरनेर उरण तालुक्यातलं, पनवेलच्या अंगाचं, महागणपतीच्या देवळाचं. अटल सेतू समुद्र ओलांडून जिथे उतरतो ते चिरले. ते गाव निराळं. मुंबईची पाहुणेमंडळी दोन्हींत गल्लत करून फोनवर ‘पोचलो’ म्हणतात आणि आमचा चहा उकळत राहतो. असो.

पूर्वपक्ष असा. पुतणी खारघरला राहते. तिच्या न्हाणीघरातल्या फळीवर क्लेन्झर, टोनर, सीरम, कंडिशनर आणि रात्रीचं व दिवसाचं अशी दोन वेगळी क्रीमं नांदत होती. एके दिवशी तिला साक्षात्कार झाला की ही सगळी केमिकल्स आहेत. पाणी हेही केमिकलच, असा आक्षेप आम्ही घेतला. तो ‘काका, प्लीज’ एवढ्या भाष्याने निकालात निघाला. फळी रिकामी झाली. मग तिच्यावर बरण्या आल्या : शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला-कचोरा, वाळा, आंबेहळद, मुलतानी माती, मसुराचं पीठ. फळी पुरेना, म्हणून दुसरी ठोकली.

साधेपणाच्या प्रतिज्ञेवर गौरवदोष, म्हणजे नको तेवढ्या पसाऱ्याचा दोष, येतो तो इथे. आपल्याकडचे वैयाकरण सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तर घरात मुलगा झाल्याइतके हरखत, असं सांगतात. त्यांच्यासमोर ही दुसरी फळी ठेवण्याची आमची छाती नाही.

पण ग्रंथांवाचून ज्ञान नाही आणि गुरूवाचून ग्रंथ नाही, म्हणून पुतणी मे महिन्यात चिरनेरला आली. गुरू म्हणजे आमची थोरली काकू. वय विचारलं तर ती भरतीचा एक जुना पूर सांगते, त्यावरून ज्याने त्याने हिशेब करावा. शिष्या वही घेऊन बसली. काकूने वहीकडे पाहिलं आणि विचारलं, “न्हायाचंय का पेपर लिवायचाय?”

विधी येणेप्रमाणे. शेंगा आदल्या रात्री तांब्याच्या नव्हे, मातीच्या किंवा लोखंडी भांड्यात भिजत घालायच्या. सोबत मूठभर आवळकाठी आणि बिया काढलेले चार रिठे. रिठ्याच्या बिया काळ्याभोर आणि टणक निघतात, त्या पोरांना गोट्या म्हणून द्यायच्या. त्यांना दुसरा उपयोग नाही. पहाटे चूल पेटवून सगळं उकळायचं. शेंगा फुगून सुटल्या की भांडं उतरवायचं, कोमट झालं की हाताने कुस्करायचं, आणि फडक्यातून गाळायचं. काकूने ‘गाळायचं’ हा शब्द दोनदा उच्चारला. मीमांसकांच्या मते वेदात एखादी गोष्ट पुन्हा सांगितली तर त्याला काही विशेष अर्थ असतो. पुतणीने वहीत तो एकदाच लिहिला. वाचकांनी हे ध्यानात ठेवावं.

आता प्रमाणविचार. अनुमान सोपं आहे : न्हाणीघर वह्निमान आहे, कारण तिथून धूर येतो, जिथे धूर तिथे बंब. प्रत्यक्ष प्रमाण पुतणीला लगेचच मिळालं, दोन्ही डोळ्यांत. शिकेकाईचा फेस ताकावरच्या फेसासारखा पातळ आणि मळकट असतो. शाम्पूला सोकावलेल्या माणसाला वाटतं, काही होतच नाहीये. म्हणून तो आणखी ओततो, आणि मग फार काही होतं. काकू बाहेरून ओरडली, “डोले मीट ग बाय!” हे शब्दप्रमाण. ते नेहमीप्रमाणे प्रत्यक्षानंतर पोचलं.

परंतु केस वाळले तेव्हा पूर्वपक्षाचा विजय झाला हे मान्य केलं पाहिजे. ते हलके, मऊ आणि बोटांतून सुटे पडणारे झाले होते. यामागचं कारण रसायनाच्या पुस्तकात आहे, आणि ‘केमिकल’ नको म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. शिकेकाई आणि रिठा या दोहोंत सॅपोनिन असतं, तेच फेस करतं आणि तेलकटपणा सोडवतं. अंगाचा साबण अल्कधर्मी, त्याचा सामू साधारण ९ ते १०. आपली त्वचा किंचित आम्ल, साधारण साडेपाच. शिकेकाईचं पाणीही आम्लाच्याच बाजूचं. शिवाय हा मुलूख खाडीचा आणि मिठागरांचा. पाणी जड असलं की त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचं वैर होतं, फेसाऐवजी राखाडी साका धरतो आणि केसांवर बसतो. सॅपोनिनला असं वैर जमत नाही. तेव्हा आमच्या पणज्या शिकेकाई लावत त्यात संस्कृतीचं जेवढं श्रेय आहे, तेवढंच विहिरीचंही आहे.

वज्री-प्रकरण लहान आहे. टाचा घासायला पुतणीने ऑनलाइन एक ज्वालामुखीचा दगड मागवला होता. चिरनेरला कुंभारवाडा आहे. फुटक्या मडक्याचं खापर इथे कुठेही पायाखाली येतं, म्हणजे वज्री आपण होऊनच टाचेपर्यंत चालत येते. सबंध सृष्टी तुमच्या टाचेसाठी झटत असताना ज्वालामुखीला त्रास देणं गैर.

ऐतिहासिक खंडात फार शिरत नाही. लीव्हर बंधूंचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. पुढे अर्देशिर गोदरेज यांनी चरबी टाळून वनस्पती तेलाचा साबण काढला. मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये अफगाण स्नो आणला, आणि कोकणातल्या पुष्कळ नवऱ्या मुलींनी चेहऱ्यावर पहिल्यांदा बर्फ पाहिला तो हाच. सौंदर्य आणि औषध यांच्यातली सीमारेषा कुठे, हा प्रश्नही आपण सोडवू पाहिला. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली परळला काढलेल्या विको कंपनीची वज्रदंती आणि हळदीची क्रीम ही प्रसाधनं की आयुर्वेदिक औषधं, या अबकारी कराच्या वादाने सरकारला आणि कंपनीला वर्षानुवर्षं गुंतवून ठेवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि औषध ठरून कंपनीच्या बाजूने लागलं. हळद जखमेवर लावावी, याचं पेटंट एका अमेरिकन विद्यापीठाने १९९५ मध्ये घेतलं, तर रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध पुढे करून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. आमच्या काकूचं नाव साक्षीदारांत नव्हतं, ही त्या खटल्यातली एकमेव उणीव.

मात्र काकूची खरी साक्ष निराळीच निघाली. पुतणीने भक्तिभावाने विचारलं, “आजी, तुम्ही हे सगळं सोडलंत कधी?” पुतणीला वाटलं, आता आजी हळहळेल. काकू म्हणाली, “पुडी आली त्या दिवशी.” शाम्पूची पुडी. दक्षिणेत ऐंशीच्या दशकात चिक शाम्पूसारख्यांनी पुड्यांचा सपाटा लावला आणि बघता बघता गावोगावच्या टपऱ्यांवर त्यांच्या माळा लटकल्या. ना भिजवणं, ना चूल, ना फुंकणी. काकूच्या न्हाण्यासाठी पहाटे उठणारी काकूच होती; तिच्या सासूच्या न्हाण्यासाठी उठणारीही तीच. दात लावून पुडी फाडली आणि पहाटेची एक झोप मिळाली. निसर्गाकडून दूर जाण्याचं इतकं नैसर्गिक कारण आम्ही दुसऱ्या कोणत्या ग्रंथात वाचलं नाही.

म्हणजे वाद पुन्हा अधिकाऱ्यावर आला. साधी दिनचर्या पाटावर बसणाऱ्याला साधी असते. चुलीपुढे बसणाऱ्याला ती साधी नसते, आणि तिच्याही पलीकडे एक बाई आहे, जी पूर्वपक्षाच्या वहीत कुठेच नाही. शिकेकाई ही झाडांवर चढणारी वेल, अंगभर वाकडे काटे असलेली. शेंगा वाळल्या की त्या काढायला कातकरी, ठाकूर बाया जंगलात शिरतात. पोतं बाजारात आणून पायरीवर फडकं पसरून बसतात, आणि आपण ‘मावशी, बरोबर लाव’ म्हणून भाव पाडतो. त्याच शेंगांची पावडर काचेच्या बरणीत, ताडपत्राचं चित्र छापून आली की पुतणी भाव करत नाही. बरण्यांवर ‘वनातून थेट’ असं लिहिलेलं असतं. थेट कोणाच्या हातून, ते लिहायला लेबल पुरत नसावं.

आणि हे वन कोणाचं, हा प्रश्न याच गावाने एकदा फार मोठ्याने विचारला आहे. गावामागचा डोंगर अक्कादेवीचा. ज्या रानातून लाकूडफाटा आणायचा त्याच रानाला जंगल कायद्याने सरकारी कुंपण पडलं होतं. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी असे हजारो लोक त्या डोंगरावर कायदेभंग करायला गेले. गोळीबार झाला. सत्याग्रहींपैकी आठ जण गेले; पनवेलचे मामलेदार जोशीही त्यात मारले गेले. दरवर्षी त्या दिवशी गावात मानवंदना दिली जाते. पुतणी ती शाळेत असल्यापासून पाहत आलेली आहे. शेंगेचं आणि त्या दिवसाचं काही नातं असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. आम्हालाही ते काकूच्या चुलीपाशीच सुचलं, सरपण फोडताना.

त्याच डोंगरावरून संध्याकाळी वायव्येला पाहिलं तर १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात. देशात येणाऱ्या कंटेनरांचा मोठा हिस्सा तिथे उतरतो. त्यातल्या कशात कोरियाचे तांदळाच्या पाण्याचे मुखलेप असतील, कशात ज्वालामुखीचे दगड. भाताचं पेज-पाणी तोंडाला लावावं, हे काकू कधीची सांगते आहे. मात्र तिचं पेज-पाणी समुद्र ओलांडून आलेलं नाही, आणि तेवढ्या एका दोषाने ते बाद.

ग्रंथ इथे संपला असता, पण प्लंबरभाष्य राहिलं. खारघरला परतल्यावर पुतणीने विधी चालू ठेवला. पहाटे उठवेना, म्हणून शेंगा जाऊन पावडर आली. गॅसवर उकळण्याचा कंटाळा आला, म्हणून पावडर थेट गरम पाण्यात पडू लागली. गाळणं हे अंग आधीच वहीतून गळलेलं होतं. दिवाळीच्या आदल्या रात्री नहाणी ट्रॅप तुंबला आणि सोसायटीतल्या खालच्या मजल्याचं छत ओलं झालं. प्लंबरने जाळी उचकटली, आत हात घातला, आणि तपकिरी चोथ्याचा गोळा बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात निरखला.

“मॅडम, ह्यात चहा ओतता का तुम्ही?”

पुतणीने शिकेकाईचं माहात्म्य थोडक्यात सांगितलं. सॅपोनिनपर्यंत पोचली तेव्हा त्याने पाना पिशवीत टाकला. “गाळून घ्यायची ना. आमच्याकडे आई गाळून घेते.” पुढचे शब्द कामाच्या पैशाचे होते, आणि ते शिकेकाईच्या दहा बरण्यांएवढे भरले.

त्यानंतरही पुतणीने संकल्प मोडलेला नाही, हे तिच्या निश्चयाचं कौतुक म्हणून नोंदवतो. काकूने जुन्या लुगड्याचं मऊ फडकं पोस्टाने पाठवू का, म्हणून विचारलं होतं. पण तोवर पुतणीने गाळण्यासाठी सेंद्रिय कापसाची एक पिशवी ऑनलाइन मागवलेली होती. ती नेमकी कोणत्या कंटेनरातून येते आहे, याचा मागोवा सध्या तिच्या फोनवर चालू आहे. परवा ती न्हावा-शेव्याला कस्टम्समध्ये अडकली होती.