आमच्याकडे इंजिनाचं काम निघालं

नागपूरच्या धरमपेठेत इंजिनातलं कळत नाही असा पुरुष मला अजून भेटलेला नाही. इंजिनाला हात लावलेलाही भेटलेला नाही. लक्ष्मीभुवन चौकात कुणी किका मारमारून घामाघूम झाला की लगेच सल्लागार जमतात. एक म्हणतो, प्लगमध्ये कचरा आहे. दुसरा म्हणतो, कार्बोरेटर ओव्हरफ्लो झालाय, थोडा वेळ उभी ठेवा. तिसरा काहीच बोलत नाही; नुसतं "हं" म्हणून मान अशी हलवतो की गाडीच्या मालकाच्या पोटात गोळा येतो. तो तिसरा मी.

माझी ख्याती कानाची आहे. उभी हयात मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे लय, नाद, यतिभंग हे मला लांबून कळतात. कुणाची गाडी फाटकाशी येऊन थांबली की मी डोळे मिटून म्हणतो, "टॅपेट वाजतंय." हे वाक्य सहसा वाया जात नाही. जुन्या गाडीचं काही ना काही वाजतच असतं आणि टॅपेट म्हणजे काय हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मागे एकदा शेजाऱ्यांच्या विजेवरच्या नव्या कोऱ्या स्कूटरबद्दलही मी हेच म्हणालो. तिला टॅपेट नसतं, इंजिनच नसतं. पण शेजारी दुसऱ्याच दिवशी ती सर्व्हिसिंगला घेऊन गेले. अधिकारवाणी म्हणतात ती ही.

अशा माणसाच्या आउटहाउसमध्ये काटोलची एक मुलगी भाड्याने राहायला आली. श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयला तिने मेकॅनिक डिझेलला प्रवेश घेतला होता. दहावीनंतरचा एका वर्षाचा ट्रेड. आयटीआय दक्षिण अंबाझरी रस्त्यावर आहे आणि व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच रस्त्यावर आहे. त्यामुळे आमच्या ओळीतल्या बायकांनी आधी "दक्षिण अंबाझरी रोडला शिकते" एवढंच ऐकलं आणि तिला चहाला बोलावलं. पुढचा तपशील कळल्यावर चहा चालू राहिला, पण बशीतला चिवडा बंद झाला.

आता इथे पाट्यांबद्दल सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. पुण्याच्या पाट्या बोलतात म्हणे. आमच्या पाट्या शिकलेल्या असतात. जुन्या बंगल्यांच्या फाटकावर नुसतं 'मातृछाया' नाहीतर 'श्रमसाफल्य' असायचं. 1960 साली इथे व्हीआरसीई निघालं, आजचं व्हीएनआयटी ते हेच, आणि मग घराघरात इंजिनिअर निपजू लागले. 'मातृछाये'च्या खाली 'बी.ई. (मेकॅनिकल)' आलं. त्याखाली मुलाचं 'बी.ई., एम.एस. (यूएसए)' आलं. ते मूल तिकडेच राहिलं, पण पाटीवरून हललं नाही. दर दोन-तीन डिसेंबरांनी येतं, शेडमधल्या वडिलांच्या मारुतीची बॅटरी उतरलेली असते, मग पाटीवरची दोन्ही यांत्रिक माणसं गोकुळपेठ बाजारातल्या एका पोट्ट्याला फोन करून वायर घेऊन बोलावतात. तो पोट्टा सातवी नापास आहे असं सगळे सांगतात. का सांगतात कोण जाणे.

कोपऱ्यावरच्या घरी संगमरवरी पाटी आहे: 'निवृत्त अधीक्षक अभियंता (विद्युत)'. तिच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने बांधलेला: 'बेल बंद आहे. कडी वाजवावी.' हा पुठ्ठा पावसाळ्यात भिजतो आणि दिवाळीच्या सुमारास नवा येतो, सुवाच्य अक्षरात. त्याच्या पलीकडे एका पाटीवर चार पदव्या आणि 'कुत्र्यापासून सावध' हे सलग कोरलेलं आहे, मध्ये रेघ नाही; पाहुण्याला वाटतं ही पाचवी. एकांनी तर 'एम.बी.ए.'पुढे 'फायनान्स' कोरायला जागा उरली नाही म्हणून 'फाय.' एवढंच कोरून घेतलंय. पाट्यांचं आता पुरे. फक्त माझी राहिली. ती पितळी आहे, 'एम.ए., पीएच.डी.' अशी, आणि ब्रासो लावून ती मी स्वतः घासतो. घरातली मी स्वतः घासतो अशी ती एकच वस्तू, असं बायकोचं म्हणणं.

तर ती मुलगी. मला वाटलं होतं, आयटीआयला गेल्या गेल्या मुलांच्या हाती इंजिन देत असतील. ती मात्र सुरुवातीला रोज लोखंडाचा एकच तुकडा आणि त्याच्याच गोष्टी घेऊन घरी यायची. कानस मारून मारून तो तुकडा चौरस करायचा, गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. हाताला घट्टे पडले. मी म्हटलं, "यात इंजिन कुठे आलं?" ती म्हणाली, "काका, हाताले सरळ काय असते ते समजल्याशिवाय इंजिनाजवळ जाऊ देत नाही."

मग मायक्रोमीटर आला. मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचायचा. मग फिलर गेज, म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. दोन भागांमधल्या फटीत कोणतं पातं किंचित अडखळत सरकतं त्यावरून फट किती ते कळतं. ती मला सांगत होती की सिलिंडर हेडचे बोल्ट एका दमात आवळायचे नसतात. मधल्यापासून सुरुवात करायची, मग बाहेर बाहेर जायचं, आणि टप्प्याटप्प्याने तीच फेरी पुन्हा मारायची, शेवटी टॉर्क रेंच 'कट्' असं म्हणेपर्यंत. एका कडेने आवळत गेलं तर हेड वाकतं आणि गॅस्केट फुंकतं. मी लगेच तिला ऑटो या जर्मनाने 1876 साली चार स्ट्रोकांचं इंजिन कसं चालवून दाखवलं आणि रुडॉल्फ डिझेलने 1897 पर्यंत प्लगशिवाय, नुसती हवा दाबून, इंधन कसं पेटवलं यावर व्याख्यान दिलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या घरी आहे ना एक. विहिरीवर."

संत्र्याच्या बागेतलं ते किर्लोस्करचं जुनं डिझेल इंजिन. खडकीला 1946 साली किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांचा कारखाना काढला हे मला माहीत होतं. पण त्यातलं एक इंजिन काटोलजवळच्या एका विहिरीवर या मुलीच्या बापाबरोबर म्हातारं होतंय हे कुठल्या ग्रंथात असणार? ती आठवीत असल्यापासून बाप हँडल फिरवायचा आणि ही डीकॉम्प्रेशनचा लिव्हर धरून उभी राहायची. वेग आला की बाप मान हलवायचा, ही लिव्हर सोडायची आणि इंजिन धडधडायला लागायचं. त्याच्या नुसत्या धडधडीवरून बापलेक बागेच्या दुसऱ्या टोकाला बसून सांगायचे की पाणी लागलं की सुटलं. म्हणजे कान तिलाही होता. मला हे फारसं आवडलं नाही.

म्हणून मी जिन्याखालची चेतक बाहेर काढली. 1984 ची. ज्या काळात पैसे भरून नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघावी लागे त्या काळातली. तिला आडवी करून, पेट्रोल खाली आणून, मग किक मारायची विद्या माझ्या पिढीला अवगत होती. तरुणपणी मी या एका आसनावर बरंच नाव कमावून होतो. आता मात्र तिचं इंजिनच धरलं होतं. मी मुलीला म्हटलं, "ये, तुला टू-स्ट्रोक शिकवतो."

ती म्हणाली, "स्कूटर मी खोलली नाही कधी. पण पिस्टन तं पिस्टनच राहते ना."

पुढच्या रविवारी मागच्या अंगणात इंजिन खोललं. तिने सगळे पार्ट रॉकेलच्या घमेल्यात धुतले आणि बायकोचं इडलीपात्र मागून घेतलं. प्रत्येक खळग्यात एकेका ठिकाणचे नटबोल्ट, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, आणि कडेला खडूने आकडे. बायकोने इडलीपात्र दिलं! मला ती त्यात कुंकूसुद्धा ठेवू देणार नाही. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम आलं. "काका, थोडे सरका ना, उजेड अडून राहिला." उजेड माझ्याच हातात होता, पण सरकलो.

पिस्टन तिने बराच वेळ बोटांत फिरवून पाहिला. रिंगच्या खाचेत टाचणीच्या डोक्याहून लहान अशी एक पिन होती, त्यावर तिची नखं थांबली. डिझेलच्या पिस्टनला तशी पिन नसते. तिथे रिंगांची तोंडं एकाखाली एक येऊ नयेत म्हणून वेगवेगळ्या दिशांना फिरवून ठेवतात. ही का असेल मग? ती सिलिंडरमध्ये डोकावली. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांतून वायू आत-बाहेर करतो. रिंग फिरली तर तिचं टोक त्या खिडकीत अडकून मोडणार. "म्हणून हिले खुंटीले बांधली," असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि एवढी खूश झाली की मला अर्धा क्षण माझ्या एका विद्यार्थिनीची आठवण झाली, जिला ओवीत यमक कुठे पडतं ते स्वतःचं स्वतः सापडलं होतं.

त्याच दुपारी पिस्टनपिनची सर्क्लिप उडाली. मी हरवली असं कुणी म्हणू नये. मी फक्त ती धरली होती. उडणं हा तिचा स्वभावच आहे.

अंगणात इंजिन पसरलेलं पाहून ओळीतले लोक येऊन जात. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "हो का? मग पुढे काय?" पुढे म्हणजे डिप्लोमा. आयटीआय झालं की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, ही माहिती आमच्याकडे प्रत्येकाला होती. डिप्लोमा झाला की डिग्री. डिग्री झाली की हात स्वच्छ. मला प्रथमच या प्रश्नाचा राग आला, आणि रागाचा मोठा भाग माझ्यावरच होता, कारण पहिल्या दिवशी भाड्याची पावती फाडताना मीही तिला हेच विचारलं होतं. ती पुढे शिकली तर आनंदच आहे. पण इंजिन नीट बांधता येणं हे कुठेतरी पोचण्याच्या वाटेवरचं स्टेशन आहे, पोचणं नव्हे, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आणि हेच लोक दर आठवड्याला कॉफी हाउस चौकात उभे राहून म्हणतात, "चांगला मेकॅनिक मिळत नाही हो आजकाल." कसा मिळेल? मिळाला की त्याला विचारतो, पुढे काय. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचे गिअरबॉक्स बनतात. ते काय 'पुढे' गेलेल्या माणसांनी बनवले? देशाने 1961 साली शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा केला, कारखान्यांनी उमेदवार घेऊन त्यांना विद्यावेतन द्यावं म्हणून. फाटकावरच्या पाट्यांसाठी मात्र कुणी कायदा केला नाही.

रात्री मी तिला सांगितलं की जर्मनीत अफाल्टरबाख नावाच्या गावी मर्सिडीजचे एएमजीवाले एक इंजिन एकाच माणसाच्या हातून बांधून घेतात आणि त्या माणसाच्या सहीची पट्टी इंजिनावर बसवतात. मला वाटलं होतं, तिचे डोळे चमकतील.

ती रॉकेलचे हात पुसत म्हणाली, "सही काऊन करायची, काका? बिघडलं तं लोक घरी येतीन ना."

दुसऱ्या रविवारी इंजिन बांधून झालं. हेडचे चार नट तिने समोरासमोर करत आवळले. प्लग लावला, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजून घातलं आणि किकवर पाय ठेवला. मी म्हटलं, "आधी आडवी करावी लागते." ती थांबली, चेतककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सभ्यपणे बाजूला झाली. मी साठी ओलांडलेल्या कमरेने ती आडवी केली, सरळ केली. किक मात्र तिने मारली. निळ्या धुराचा लोट थेट अधीक्षक अभियंत्यांच्या गॅलरीत गेला आणि ते बाहेर येऊन ओरडले, "काय पेटलं?" मी डोळे मिटून ऐकलं. "टॅपेट," मी सुरुवात केली.

"टू-स्ट्रोकले टॅपेट नसते, काका."

संध्याकाळी वहीच्या पानावर बिल आलं. रिंग सेट, गॅस्केट, प्लग, कंडेन्सर, रॉकेल, दुकानाला जायचं-यायचं रिक्षाभाडं, आणि लेबर. लेबरचा आकडा वाचून मी म्हटलं की घरमालकाकडून कुणी लेबर घेतं का, आणि घेतलंच तर भाड्यातून वळतं करून टाकू. बायको आतून म्हणाली, भाडं वेगळं, मजुरी वेगळी, आणि इडलीपात्र घासून दिलंय तिने. मी पैसे मोजले. बिलाच्या तळाशी आणखी दोन ओळी होत्या. 'हेल्पर एक: बिनपगारी.' आणि त्याखाली, 'सर्क्लिप: दोन वेळा.'

दुसरी कधी उडाली ते मी अजून तिला विचारलेलं नाही.