पोरगं यंदा कुणाला घालायचं?

आमचा पुतण्या बी.ए. झाला. पेढे आले, आणि खोका रिकामा व्हायच्या आत दुसरी बातमी आली की तो कॉलेज बदलणार. पदवी तालुक्याची, एम.ए. मात्र पुण्याला. विषय कुठला? तर अजून ठरला नाही. "ठरेल की काका, जिथं जागा शिल्लक असेल तो." मग एवढं पुण्याला कशासाठी? तर बास्केटबॉलसाठी.

कासुर्डीत बास्केटबॉल आहे, हे पुष्कळांच्या गावी नसेल. सोलापूर रस्त्यानं जाणाऱ्यांना आमचं गाव ठाऊक आहे ते जुन्या टोलनाक्यामुळं. 'कवडीपाट ते कासुर्डी' एवढाच त्यांच्या लेखी आमचा इतिहास आणि तेवढाच भूगोल. पण आमच्या गोठ्यामागच्या खांबाला एक रिंग आहे. गुऱ्हाळावर पडलेल्या डिझेलच्या पिंपाची कडी कापून पुतण्यानं ती वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेतली. उंची टेपनं मोजून, नियमाप्रमाणं दहा फूट. व्यास मात्र पिंपाचा. नियमाची रिंग ४५ सेंटिमीटरची आणि पिंप जवळजवळ दोन फुटांचं, त्यामुळं कासुर्डीत आमच्या पोराचा नेम चुकलेला कुणी पाहिलेला नाही. अडचण एकच. चेंडू खाली येतो तो शेणात, आणि शेणात चेंडू उसळत नाही. म्हणून पोरगं चेंडू हातात ठेवतच नाही, आला की दुसऱ्याला देऊन मोकळं होतं. पुण्याच्या सरांनी त्याच्यातलं हेच हेरलं म्हणे. "एवढा निःस्वार्थी खेळाडू आम्ही बघितला नाही," असं ते म्हणाले. श्रेय म्हशींचं आहे, पण त्यांना कोण विचारतो?

थोरले बंधू तेव्हा ओसरीवर उसाच्या पावत्या लावत बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ज्या कॉलेजनं तीन वर्षं सांभाळलं, बूट दिले, ट्रॅकसूट दिला, त्याला सोडून चाललास? माणसानं एका जागी राहावं." हे बोलताना त्यांचा हात ज्या पावत्यांवर होता, त्यांत परवाच्या सालची पावती कारखान्याची होती, गेल्या सालची केडगावकडच्या एका गुऱ्हाळाची, आणि यंदाची यवतकडच्या दुसऱ्याच गुऱ्हाळाची. कारण तो रोख देतो.

"आबा," पुतण्या म्हणाला, "ऊस कुणाला घालायचा ते तुम्ही दर साली ठरवता. मी तर पदवी हातात येईस्तोवर थांबलो."

वाचकांना इथं पक्षांतराची आठवण होईल. तो विनोद आता फार वापरून झाला. शिवाय पक्ष बदलणाऱ्याला टीसी लागत नाही. आमची तुलना उसाशीच बरी.

जुन्या लोकांना झोनबंदी आठवत असेल. ज्याच्या कार्यक्षेत्रात ऊस उगवला त्याच कारखान्याला तो घालायचा, दर काहीही असो. अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूंनाही अशीच झोनबंदी होती. तिथं एनसीएए नावाची संस्था आहे. तिला आपण साखर आयुक्तालय समजू. तिचा नियम असा होता की बास्केटबॉलसारख्या खेळांत कॉलेज बदललं की वर्षभर बाकावर बसायचं. सराव करायचा, संघातल्या पोरांना पाणी द्यायचं, पण सामना खेळायचा नाही. २००६ साली पदवी घेतलेल्यांसाठी या कुंपणाला एक फट ठेवली गेली. पदवी झाली असेल तर एम.ए.-एम.एस्सी.ला दुसरीकडं जा आणि लगेच खेळा. पण पुढं त्या फटीतही मेख मारली. नव्या ठिकाणी घेतलेला विषय जुन्या कॉलेजात शिकवला जात नसला पाहिजे! म्हणजे रिंगमध्ये चेंडू टाकायचा, तर आधी दोन कॉलेजांची माहितीपुस्तकं समोरासमोर धरून बसायचं. साडेसहा फुटी पोरगं आणि त्याचा कोच रात्री दिवा लावून असा विषय शोधतायत, हे चित्र मला फार आवडतं. ज्ञानाची एवढी तहान आपल्याकडं नेट-सेटवाल्यांतही दिसत नाही.

पुतण्यानं मग मोबाइलवर कॅमेरॉन जॉन्सन दाखवला. हा पिट्सबर्गच्या विद्यापीठाचा खेळाडू. त्यानं पदवी तीनच वर्षांत उरकली आणि २०१७ साली नॉर्थ कॅरोलायनाला निघाला. दोन्ही विद्यापीठं एकाच गटात खेळणारी, म्हणजे हे आमचा ऊस शेजारच्याच कारखान्याला घालण्यासारखं. पिट्सबर्गवाले म्हणाले, खुशाल जा, पण वर्षभर बस. पोरगं बधलं नाही, जाहीर बोललं, बोभाटा झाला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. २०१९ साली एनबीएच्या निवडीत त्याचा ११ वा नंबर लागला.

"बघा आबा."

"त्याला ऊस होता का?" बंधूंनी विचारलं.

पुढची गोष्ट मी भराभर सांगतो, कारण तिथं सगळंच भराभर झालं. २०१८ मध्ये जाऊ इच्छिणाऱ्यांची यादी ऑनलाइन आली. २०२१ मध्ये खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली आणि एकदा कॉलेज बदललं तर बाकावर बसणंही गेलं. २०२४ पासून अभ्यासात पास असलात तर कितीही वेळा बदला. आणि जून २०२५ मध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजांनीच खेळाडूंना थेट पैसे द्यायचं ठरलं. पहिल्या वर्षी एका विद्यापीठानं सगळ्या खेळांत मिळून जास्तीत जास्त दोन कोटी पाच लाख डॉलर.

बंधूंनी इथं प्रथमच पावत्या खाली ठेवल्या. एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या किमान दराच्या, गोष्टी त्यांना लवकर कळतात. २०२५-२६ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये, आणि पैसे १४ दिवसांत, हे त्यांना झोपेतही पाठ आहे. १४ दिवसांचा भाग ते झोपेतच म्हणतात. "पण आपली एफआरपी म्हणजे यापेक्षा कमी देऊ नका," ते म्हणाले, "आणि यांची म्हणजे यापेक्षा जास्त देऊ नका. उलटंच झालं की!" एका सरळरेषेत बी.ए. झालेल्या आमच्या पोराला हे सुचलं नव्हतं.

आपल्याकडची उचल वेगळी. फी माफ, होस्टेल, मेसचं कार्ड, दोन ट्रॅकसूट, आणि गाठलंच नशिबानं तर अंडी. बाकी सगळे कागद. जुन्या आणि नव्या कॉलेजचं विद्यापीठ एकच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. बदलतो तो फक्त विभाग. पोरगं पुणे जिल्ह्यातून पुणे शहरात येतं. तरीही खिडकीमागच्या माणसानं टीसी, बोनाफाईड, गुणपत्रिका यांच्याबरोबर मायग्रेशनही मागितलं. विद्यापीठ तेच आहे म्हटल्यावर म्हणाला, "असू द्या, लागलं तर." स्टॅम्पपेपरही घेऊन ठेवायला सांगितला. कशासाठी, ते नंतर ठरेल. राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला अश्वमेध म्हणतात. पुराणातला घोडा मोकळा सोडत असत. आमच्याकडं त्यालाही आधी दाखला काढावा लागला असता.

ज्या पोरानं पुतण्याला पुण्याचा रस्ता दाखवला, त्याची कारकीर्द मी ऐकली आणि मला भरून आलं. एम.ए. पहिलं वर्ष अर्थशास्त्र. मग एम.ए. पहिलं वर्ष राज्यशास्त्र. यंदा एम.ए. पहिलं वर्ष इतिहास. दुसरं वर्ष त्यानं अजून कशाचंच पाहिलेलं नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट आहे, पंचविशी उलटली की संपलं, म्हणून घाईही नाही आणि निवांतपणाही नाही. मास्तरांनी त्याला वर्गात एकदाच पाहिलं, तेही ट्यूबलाइट बदलताना. टेबलावर न चढता बदलली म्हणे.

आमच्या आईला या सगळ्यात एकच शंका होती. "पदवी झाली ना बाबा? मग आता चेंडू कशाला? नोकरी बघ."

पुतण्यानं तिला समजावलं की चेंडू नोकरीसाठीच आहे. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याला प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला स्पर्धा लागते, स्पर्धेला संघ लागतो, संघाला कॉलेज लागतं आणि कॉलेजला विषय लागतो. ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं उघडकीला आल्यापासून पडताळणीही कडक झाली आहे, तेव्हा खरंच खेळावं लागतं, हे सांगताना त्याचा चेहरा जरा पडला. आईनं साखळी शांतपणे ऐकली आणि शेवटची कडी तेवढी धरली. "म्हणजे विषय नोकरीसाठी नाही."

रात्री पुण्याहून सरांचा फोन आला. पुतण्या गोठ्यामागं रिंगखाली होता, म्हणून बंधूंनी घेतला. त्यांचा आवाज एकदम बदलला. गुऱ्हाळवाल्यांशी बोलताना ते असा जड, बेफिकीर आवाज काढतात, जसं काही दारात आणखी दोन ट्रॅक्टर उभे आहेत.

"उंची? पाच अकरा. हां. पण ती गेल्या मृगाची हो. त्यानंतर पाऊस चांगला झालाय, वाढली असंल. नाही नाही, तुम्हालाच असं काही नक्की केलेलं नाही. हडपसरकडचेही येऊन गेलेत." हडपसरकडचं कुणीही आलेलं नव्हतं.

मग त्यांनी फोनवर तळवा दाबला आणि माझ्याकडं झुकून हळूच विचारलं, "पहिली उचल किती सांगू रे?"