आठ ओळींचा मुक्काम

आमच्या शनिवारच्या बैठकीचा नियम साधा आहे. आधी एक जुनी कविता वाचायची, मग ज्याने त्याने आपापली. नियम केला तेव्हा जुनी कविता म्हणजे देवापुढची उदबत्ती, लावली की झालं, अशीच सगळ्यांची समजूत होती. प्रत्येक जण खिशात आपला घडी घातलेला कागद घेऊन येतो आणि केशवसुतांना मान डोलावताना त्याचा हात नकळत त्या खिशाकडे जातो, गर्दीत पाकीट चाचपावं तसा. पण तीन शनिवारांमागे कुणीतरी बालकवींची ‘औदुंबर’ वाचली. उण्यापुऱ्या आठ ओळी. आम्ही अजून तिथेच आहोत.

चार घरांचं गाव, पांढरी पायवाट, काळा डोह इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडापाशी मात्र गाडं अडलं. बाई म्हणाल्या, झाड विरक्त आहे. शेतीखात्यातून निवृत्त झालेले काका म्हणाले, “उंबर ओलाव्यालाच वाढतो. यात विरक्ती कसली?” वाद पेटला तो चहा निवेपर्यंत. या झाडाखाली मराठी समीक्षकांच्या पिढ्या बसून गेल्या, तिथे आमची काय कथा! मग काकांनीच सांगितलं, की उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, पण फुलं असतात, फळाच्या आत. त्यांनी ते वनस्पतिशास्त्र म्हणून सांगितलं. बाईंनी वहीत कवितेखाली लिहून घेतलं.

मी काही बोललो नाही, कारण माझा औदुंबर फारच खासगी आहे. मी सांगलीकडचा, तिकडे हे माणसांचंही नाव असतं. शाळेत ही कविता शिकताना माझ्या डोळ्यांपुढे एक थोराड गिरणीवाला होता, दिवसभर जोंधळे दळून भुवयांपर्यंत पांढरा झालेला, संध्याकाळी धोतर गुडघ्यावर घेऊन ओढ्यात पाय सोडून बसलेला. तो झाड आहे हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आजही ती कविता ऐकली, की झाडाच्या आधी तोच दिसतो, आणि त्याच्या पायांभोवती पाणी किंचित पिठूळ होतं.

गेल्या शनिवारी गार्डसाहेब बोलले. एरवी ते फक्त ऐकतात. उभी नोकरी त्यांनी भुसावळला काढली. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोमरे ‘बालकवी’ कसे झाले, हे बाई रंगून सांगत होत्या. “आणि भादलीला गेले,” साहेब हळूच म्हणाले. “5 मे 1918. रूळ ओलांडताना, मालगाडीखाली. 28 वर्षंही पुरी नव्हती.” मग चष्मा पुसत, जणू त्या गाडीवर त्यांचीच ड्यूटी होती अशा आवाजात ते म्हणाले, “ब्रेक लावला तरी मालगाडी लगेच थांबत नाही हो.”

काकांनी कपबश्या गोळा केल्या. आपली कविता वाचू का, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही. माझा कागद परवा सदऱ्याबरोबर धुतला गेला. येत्या शनिवारीही ‘औदुंबर’च आहे, तेव्हा तशी घाई नाही.