काडीसारखा माणूस अन् शुगर

"काकू, कळलं का? कोपऱ्यावरच्या मास्तरांना शुगर निघाली."

काकू भिंतीवर सूप ठेवून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होत्या. हात थांबला. "काहीबाही नको सांगू वं. त्या काडीले? जोराचं वारं सुटलं तर अंबाझरी तलावात जाऊन पडन तो! आमचे हे पाहा. रविवारी तर्री-पोहे, दुपारी गोळाभात, तरी रिपोर्ट चांगला."

"दिसण्यावर नसतं वो काकू. आमची पोरगी मेडिकलला आहे ना, ती सांगून राह्यली होती. पुण्याले केईएम हॉस्पिटलात डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आहेत. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा एक छोटासा लेख आला. त्यात त्यांनी चक्क स्वतःचाच फोटो छापला, शेजारी लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन. उंची-वजनाचा हिशेब, तो बीएमआय, दोघांचाही 22.3. मग मशीनखाली झोपवून मोजलं तर त्या साहेबांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, अन् आपल्या डॉक्टरांच्या 21.2!"

"अव माय! दुपटीच्या वर? म्हणजे शर्ट एकाच मापाचे अन् आतला माल वेगळा."

"तेच. जेवल्यावर रक्तात आलेली साखर इन्सुलिन जास्त करून स्नायूंत पोचवतं. आता स्नायूच कमी, तर ती जाईल कुठं? अन् पोटातली चरबी काही गुपचूप बसत नाही. ती रक्तात फॅटी ॲसिडं सोडत राहते. ती लिव्हरमध्ये, स्नायूंत जाऊन बसली की इन्सुलिनचं कोणी ऐकत नाही. मास्तरांचं पोट पाह्यलं का कधी? हातपाय काड्या, पण शर्टाचं खालचं बटण कसं ताणलेलं असते! आपल्याकडं पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटर अन् बायांची 80 झाली की सावध व्हा म्हणतात."

काकूंनी पदर पुढं ओढून घेतला. "बायांचं राहू दे. मास्तरांले हे झालं कशानं?"

"मास्तरांचं नाही सांगता येत. पण त्याच याज्ञिक डॉक्टरांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा अभ्यास केला. आयांचं वजन सरासरी 42 किलो. बाळं 2.7 किलोची, इंग्लंडात साउथहॅम्प्टनची 3.5 ची. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट बारीक, पण पाठीची चामडी चिमट्यात धरून मोजली तर खालची चरबी त्या मानानं राखलेली! मांस कमी, चरबी शाबूत. रोडका, तरी चरबीचा, असा आपला नमुना पाळण्यातच तयार."

आता काकूंनी सूप बाजूलाच ठेवलं. त्यांच्या सुनेला सातवा लागलाय, हे मला आधीच लक्षात यायला हवं होतं म्हणा.

"मग तिले काय खाऊ घालू? ती तर अंड्यालेही हात लावत नाही."

"त्याच गावांत पालेभाज्या, फळं अन् दूध जास्त खाणाऱ्या बायांची बाळं अंगानं बरी निघाली. अन् बी-12 तपासून घ्या वो काकू. तिथल्या निम्म्याहून जास्त आयांच्या अंगात ते कमी होतं. बी-12 कमी अन् फोलेट जास्त, अशा आयांची लेकरं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यावर इन्सुलिनचा असर सगळ्यात कमी दिसला. 2008 मध्ये छापून आलंय. पण फोलेटचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी दिलेली फॉलिकची गोळी आपल्या मनानं बंद करू नका बरं."

"छे! बंद काहून करू? विचारतेच उद्या." काकूंनी घराकडं एक नजर टाकली अन् आवाज खाली आणला. "पण मले सांग, ते झोपवून मोजायचं मशीन आपल्या नागपुरात आहे का? यायले एकदा घालून पाहतो. लय मिरवून राह्यले तो रिपोर्ट घेऊन."