थ्री नॉट थ्रीची खुडबुड

फिनिक्ससारख्या गावात रिटायर झालेल्या मराठी माणसाने बागेत गवती चहा लावावा, मंडळाच्या नाटकात हवालदाराचं काम करावं, नातवंडांना शुभंकरोति शिकवावं. मी थ्री नॉट थ्री विकत घेतली.

कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात ही रायफल हाताळली होती. हाताळली म्हणजे मुख्यतः पुसली. पुल-थ्रूला चिंधी बांधायची, तेल लावायचं आणि नळीतून ओढून काढायची. गोळ्या मोजक्याच मिळत आणि माझ्या निशाण्याचा कागद बहुधा शेजारच्या कॅडेटलाच उपयोगी पडे. भारतात हे बोअर साध्या नागरिकाला मिळत नाही. इथे ॲरिझोनात दुकानदाराने फॉर्म भरून घेतला, फोनवरून माझ्या चारित्र्याची चौकशी केली आणि रायफल हातात दिली. चौकशी चारित्र्याची होती, अकलेची नव्हती.

घरी आल्यावर चष्मा लावून शिक्का वाचला. वर मुकुट, खाली जी.आर.आय., इशापूर, 1943. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी घडलेली ली-एनफिल्ड! ऊर भरून आला. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या लांब येऊन शेवटी आपल्याकडचंच भंगार घेतलंत? आणि आधी रिकामी आहे का ते बघा." बघितलं. रिकामी होती. पण खांद्याला लावली तर बट डुगडुगत होता.

त्याचं कारण सरळ होतं. बंगालच्या दमट हवेतलं लाकूड वाळवंटात आलं की सुकतं, आक्रसतं, आणि लोखंडापासून सुटं होतं. जाणकार अशा लाकडाला जवसाचं तेल पाजतात आणि वाट बघतात. मी इंजिनियर. वाट बघणं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

ली-एनफिल्डचं लाकूड एकसंध नसतं. मागे बट, पुढे फोरएंड, आणि मधे लोखंडी सॉकेट. बटाच्या पोटातून एक लांब बोल्ट जातो, तो बटाला सॉकेटशी आवळून धरतो. त्याच्यापर्यंत पोचायचं ते बटाच्या बुडाला असलेल्या छोट्या झडपेतून. शिपाई तिथे तेलाची बाटली आणि पुल-थ्रू ठेवायचा. हार्डवेअरच्या दुकानातून हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर आणला, आत घातला आणि दात-ओठ खाऊन फिरवू लागलो. फिरत होता, पण बट काही आवळेना. बऱ्याच वेळाने टॉर्च मारून बघितलं. बोल्टच्या डोक्यावर चामड्याचा बूच बसवलेला असतो. इतका वेळ मी तो बूच घट्ट करत होतो.

बूच आकड्याने उपसून काढला. आता स्क्रूड्रायव्हर बोल्टच्या खाचेत नीट बसला. एक नेट लावला, बट आवळला. मला स्फुरण चढलं, म्हणून आणखी एक नेट लावला. पुढून 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं, चला, सगळं जागेवर बसलं.

बसलं नव्हतं, फुटलं होतं. या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं. ते सॉकेटमधून पुढे निघतं आणि फोरएंडच्या मागच्या तोंडात बसवलेल्या पत्र्याच्या खाचेत अडकतं. बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून केलेली ही सोय. म्हणजे फोरएंड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक पाचरीसारखं लाकूड फाकवतं. गंमत अशी की इशापूरवाल्यांनी पुष्कळ रायफलींच्या फोरएंडमध्ये, लाकूड तडकू नये म्हणून, एक आडवा स्क्रू घातलेला असतो. माझ्याही रायफलीत तो आहे. बिचाऱ्याने आपल्या परीने प्रयत्न केला असणार.

मग अक्कल आली म्हणावं तर तेही नाही. फोरएंडही हलत होता, म्हणून ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू पिळला. तो टणक लागला तरी फोरएंड हलतच राहिला.

शेवटी बंदूक दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने चिरेवर नख फिरवलं आणि विचारलं, "फोरएंड आधी काढला होता?"

"काढायचा असतो?" मी.

तो काही बोलला नाही. टेबलाखालून एक खोकं ओढून माझ्यासमोर ठेवलं. आत तडकलेले फोरएंड भरले होते, सगळे मागच्या तोंडाशी, सगळे माझ्यासारखेच. मग त्याने पुढच्या स्क्रूची भानगड दाखवली. त्या स्क्रूभोवती लोखंडी नळकांडं असतं. लाकूड आक्रसून त्याच्यापेक्षा बुटकं झालं की स्क्रू नळकांड्यावर टेकतो आणि लाकूड मोकळंच राहतं. पिळून काय उपयोग? लाकडालाच खालून पातळ चकती देऊन उंची द्यावी लागते.

त्याने चिरेतलं जुनं तेल ॲसिटोनने काढलं, इपॉक्सी भरली आणि शिकंजात आवळून ठेवलं. बिल रायफलीच्या निम्म्या किमतीचं झालं. घरी मी ते एक तृतीयांश सांगितलं आहे.

तुमच्याकडे कधी ही रायफल आली आणि बट हलत असला, तर आधी ती रिकामी आहे का बघा, मग पुढचे बँड आणि ट्रिगर गार्ड सोडवून फोरएंड उतरवा, आणि मगच मागच्या बोल्टला हात लावा. आवळून झाल्यावर त्याचं चौकोनी टोक खाचेच्या रेषेत सरळ आलं पाहिजे, नाहीतर फोरएंड परत बसणार नाही. आणि हो, आधी चामड्याचा बूच काढा.