नऊ हरतात, पण दहावा मीच!

ट्रेडिंग ॲप उघडलं की आधी इशारा येतो: इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये दहापैकी नऊ जणांचा तोटा होतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने तो सक्तीचा केला आहे. ‘वाचलं’ म्हणून माणूस बटण दाबतो आणि आत जातो. ते नऊ जण दुसरे कुणीतरी असतात.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात तीन वर्षांचा हिशेब आहे. एक कोटीहून अधिक लोक उतरले, ९३ टक्के बुडाले आणि १.८ लाख कोटींहून जास्त रुपये गेले. पण मला त्याहून जास्त छळणारी गोष्ट वेगळी आहे. लागोपाठ तोटा होऊनही, हरलेल्यांतले पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त लोक खेळतच राहिले.

का, ते मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं. ३००० चा नक्की तोटा घ्या, नाहीतर ४००० जाण्याची ८० टक्के शक्यता पत्करा, असा पर्याय त्यांनी लोकांपुढे ठेवला. हिशेबाने जुगार महाग पडतो. तरी ९२ टक्के लोकांनी जुगारच घेतला. हेच आकडे फायद्याचे केले, तेव्हा ८० टक्क्यांनी नक्की मिळणारे ३००० उचलले. म्हणजे जिंकताना सावध असणारा माणूस हरताना बेफाम होतो. एक्स्पायरीच्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्टची मुदत संपण्याच्या दिवशी दुपारी नेमकं हेच होतं. सकाळचे आठ हजार गेलेले असतात, ते ‘वसूल’ करायला आणखी लॉट घेतले जातात, तोट्याला मर्यादा घालणारा स्टॉपलॉस काढून टाकला जातो. तोटा सोसून गप्प उठून जाणं त्या क्षणी अशक्य वाटतं.

इशारा मात्र दारात उभा! धोका आत आहे, पहिल्या तोट्यानंतर.

२०२४ च्या अखेरीस सेबीने कॉन्ट्रॅक्टचा आकार वाढवला, साप्ताहिक एक्स्पायऱ्या कमी केल्या. चांगलं केलं. तरी २०२४-२५ मध्ये सामान्य ट्रेडरांचा तोटा एक लाख कोटींच्या पुढे गेला. यातल्या बहुतेकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचं सांगितलेलं आहे. हा घरखर्चाचा पैसा आहे, फीचा पैसा आहे.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. जगाची टक्केवारी पुरे. प्रत्येक ऑर्डरच्या आधी त्या माणसाचा स्वतःचा, सगळे चार्जेस धरून झालेला वर्षभराचा तोटा ठळक अक्षरांत दाखवा. करासाठी ब्रोकर हा हिशेब काढून देतातच. तो बटणाशेजारी छापायला अडचण कोणाची आहे?