न कळवण्याचं शहाणपण

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही समुद्रात तेल सांडलं तर कुणी, कुणाला आणि कधी कळवायचं, हे नियम आपण वाचायला हवेत. न कळवण्याची जी समजूतदार रीत किनाऱ्यावर रुळली आहे, तिला आपल्या नद्यांच्या काठीही तितकाच मान आहे आणि तिचं कौतुक आजवर कुणी नीट केलेलं नाही.

नियम स्पष्ट आहेत. तेल सांडलं, किंवा सांडण्याची शक्यता दिसली, तरी कप्तानाने जवळच्या देशाच्या किनाऱ्याला विनाविलंब कळवावं, असं ‘मार्पोल’ हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. आपल्याकडे १९९६पासून तेलगळतीसाठी राष्ट्रीय आराखडा आहे, त्याची सूत्रं तटरक्षक दलाकडे आहेत आणि १५५४ हा क्रमांक कुणीही फिरवू शकतो. पण कळवायचं म्हणजे जहाजाचं नाव, ठिकाण, वेळ, काय सांडलं, किती सांडलं, सगळं सांगणं आलं. आपल्यावर उद्या होणाऱ्या दाव्याचा पहिला कागद आपणच सही करून द्यायचा. गप्प राहणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याचा प्रवास वेळेवर पूर्ण होतो आणि मालकाचा पैसा वाचतो.

ही सोय सगळ्यांनाच मिळते असं नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी भर सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर पाण्यात पडून तरंगू लागले आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत घडलेलं लपवणार कसं? रायगडच्या किनाऱ्यावरची खारफुटी काळी पडली, मासळीला गिऱ्हाईक मिळेना. आपल्या घोडेगावचा कांदा ज्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो, तिथली जहाजांची ये-जा काही दिवस थांबली.

पुढच्या वर्षी मात्र शांततेने आपली ताकद दाखवली. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेला ‘पवित’ हा टँकर महिनाभर अरबी समुद्रात वाहत राहिला आणि ३१ जुलै २०११ला जुहूच्या वाळूत येऊन रुतला. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी समोर अख्खं जहाज पाहिलं, तेव्हा बातमी झाली. चारच दिवसांनी, ४ ऑगस्टला, ‘रॅक’ हे जहाज साठ हजार टन कोळसा आणि टाकीतलं इंधन घेऊन मुंबईसमोर बुडालं. राष्ट्रीय हरित लवादाने १०० कोटी रुपयांची भरपाई ठरवली ती ऑगस्ट २०१६मध्ये. मधल्या पाच वर्षांत कोळ्यांनी जाळी टाकणं सोडलं नाही. पोट पाच वर्षं थांबत नाही.

पण या रीतीचं खरं यश बघायचं तर पावसाळ्यात कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जावं. लाटांबरोबर डांबराचे गोळे येतात. अनवाणी चाललं की तळव्याला चिकटतात, रॉकेलने घासल्याशिवाय निघत नाहीत. वर्षानुवर्षं येतात, आणि कुठल्या जहाजाचे हे बहुधा कळतच नाही. समुद्र आपलं कळवण्याचं काम चोख करतो, फक्त जहाजाचं नाव त्याला सांगता येत नाही.

आता आपल्या घरचं. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम ३१ सांगतं, की अपघाताने घाण नदीत, विहिरीत किंवा जमिनीवर गेली, तर त्या जागेचा कारभार पाहणाऱ्याने ताबडतोब प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावं. गावाने शोधून काढावं असं कायदा म्हणत नाही. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अशी शिक्षा कित्येक वर्षं या कायद्यात होती. दहा हजार! आमच्याकडे एक विहीर उपसून स्वच्छ करायलाही एवढ्यात भागत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका पहाटे प्रवरेच्या काठी उभा होतो. पाणी काळ्या चहासारखं, वर पिवळट फेस, मळीचा आंबट वास घशात बसणारा. मरळ आणि शिवडे पोट वर करून कडेला लागले होते. एक म्हातारे भोई जाळं खांद्यावरून न उतरवताच बसून राहिले. म्हणाले, “मास्तर, हे पाणी खाली पैठणच्या धरणात जातंय. तिकडची लोकं पितात हो.” कुठून आलं, ते त्यांना विचारलं. त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला नुसतं पाहिलं. त्यांचा मुलगा तिकडेच कामाला होता.

मी फोन केला. पलीकडून आधी माझं नाव विचारलं, मग गाव, मग माझी जमीन कुठे आहे ते. घाण कसली, हे सगळ्यात शेवटी. माणूस येईल म्हणाले. तिसऱ्या दिवशी धरणातून आवर्तन सुटलं, नदी धुऊन निघाली. चौथ्या दिवशी दोघे आले, नितळ पाणी बाटलीत भरून घेऊन गेले.

पहिल्या दिवसाचं पाणी मीही एका बाटलीत भरून ठेवलं होतं. ते अजून खिडकीत आहे. वर थोडं निवळलंय, तळाशी दोन बोटं काळा गाळ बसलाय. नातीने त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: “आजोबांची नदी. हात लावू नये.”